सेलिना व्होकी यांच्या दफनासाठी माझ्या वाफ्यांतील माती उपसू न देण्याबाबत

प्रति,
मा. नगर सचिव,
हॅरोज कोव्ह नगरपरिषद,
हॅरोज कोव्ह, न्यूफाउंडलंड.

दिनांक: २६ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

विषय: माझ्या दोन्ही फळीबंद भाजीवाफ्यांतील माती दिवंगत श्रीमती सेलिना व्होकी यांच्या थडग्यासाठी उपसण्यास दि. १३ ऑक्टोबरपर्यंत मनाई हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे चौदा अर्ज, विशेषतः अर्ज क्र. ३, ९ व १२.

महोदया,

१. मी, खाली सही करणार हेडली पार्डी, वय वर्षे ६८, मासळीच्या कारखान्यात एकतीस वर्षे वजनकाट्यावर इमानेइतबारे नोकरी करून निवृत्त झालेला, आपणांस सविनय अर्ज करतो. आपण मला ओळखता. शाळेतून येताना आपण आमच्या स्वयंपाकघरात शिरून माझ्या पत्नीच्या हातचे काकवीचे पाव खात होता, आणि ती आपणांस ‘बर्निस, अजून एक घे गं’ म्हणत होती. पण कचेरी ती कचेरी. म्हणून मी आपणांस पदाच्या मानानेच संबोधत आहे आणि आपणही हा अर्ज तसाच वाचावा.

२. प्रसंग असा. माझ्या कुंपणापलीकडच्या शेजारीण सेलिनाबाई व्होकी, वय ७९, मंगळवारी शहरातल्या वृद्धाश्रमात वारल्या. उद्या शनिवारी सकाळी अकरा वाजता त्यांना आपल्या टेकडीवरच्या दफनभूमीत नवऱ्याशेजारी पुरायचे ठरले आहे. आपल्या दफनभूमीत वीतभर गवताखाली नुसता खडक आहे, हे मी आपणांस सांगायला नको. पहारीने खड्डा फोडायचा, पेटी उतरवायची, आणि फोडलेले धोंडे पेटीवर टाकायचे नाहीत, तर मेलेल्याच्या घरच्या वाफ्यातली माती आणून वर घालायची, ही आपल्या गावची जुनी रीत. मोठ्या माणसाला अकरा ढकलगाड्या लागतात, लेकराला पाच. यात माझे काहीच म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की सेलिनाबाईंच्या घरी आता वाफा नाही. आणि जी माती पूर्वी त्यांच्या वाफ्यात होती, ती आजमितीस माझ्या वाफ्यांत आहे, कायदेशीर आहे, आणि तीत माझे एकवीस कोबी उभे आहेत.

३. सेलिनाबाईंचे धाकटे भाऊ लिअँडर स्नूक आज सकाळी माझ्या दारात आले. टोपी काढली नाही. म्हणाले, “हेडली, उद्याला अकरा गाड्या माती लागेल. कुठली, ते तुला ठाऊक आहे.” मी शांतपणे सांगितले, की तेरा तारखेला सुगीच्या सणाच्या सोमवारी चर्चच्या सभागृहात स्पर्धेच्या कोबीचे वजन व्हायचे आहे, तोवर वाफ्याला फावडे लागणार नाही, त्यानंतर खुशाल न्या. सतरा दिवसांचा तर प्रश्न. शहरात शीतगृह आहे, तिथे त्यांना ठेवता येईल. मेलेल्या माणसाला घाई नसते, कोबीला असते. यात मी वावगे काय बोललो? त्यावर लिअँडर म्हणाले, “मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस असतो असं ऐकलं होतं, आज बघितला,” आणि निघून गेले. सदर वाक्य त्यांनी रस्त्यावरही दोनदा मोठ्याने म्हटले. याची वेगळी तक्रार मी पुढच्या अर्जात करीन.

४. आता माती माझी कशी, याचा खुलासा करणे भाग आहे, कारण गावात वाटेल ते बोलले जात आहे.

सेलिनाबाईंचा वाफा म्हणजे खडकावर मांडलेली बारा फूट बाय पाच फुटांची पेटी होती. तिला त्यांच्या नवऱ्याच्या मोडक्या होडीच्या फळ्या. नवरा हयात असताना दर शरदात खाडीच्या टोकाशी, नदीकाठी जायचा आणि होडीतून दोन-दोन पिंपे गाळ आणायचा. तो बुडाल्यावर बाई चालत जाऊन बादलीने आणू लागल्या. त्यावर किनाऱ्यावरचे शेवाळ. जूनअखेर बोटभर केपलिन मासळी लाटांबरोबर वाळूवर लोळायला आली, की सगळा गाव बादल्या घेऊन धावतो. बाई खाण्यापुरती ठेवून बाकीची वाफ्यात पुरायच्या. अशी चाळीस वर्षे. मे महिन्यात खाडीत बर्फाचे डोंगर तरंगत असताना त्यांच्या वाफ्यातून वाफ निघायची, हे मी माझ्या खिडकीतून पाहिले आहे. पेरणीची वेळ त्या कशी ठरवायच्या ते तर सगळ्या गावाला माहीत आहे: मनगट मातीत रोवून प्रभूची प्रार्थना म्हणायची, ‘आमेन’पर्यंत मनगट ठेववले तर बटाटे लावायचे, गारठून मधेच काढावे लागले तर आठवडाभर थांबायचे. मी उष्णतामापक वापरतो. माझ्या वाफ्यात दुकानातून आणलेली गोणीतली माती होती. सांगायला लाज वाटत नाही, माझा कोबी आठ वर्षे मुठीएवढा येत होता.

आणि सणाच्या सोमवारी काटा माझ्याच हातात. एकतीस वर्षांचा अनुभव म्हणून हा मान मला आहे. मीच दरवर्षी सेलिनाबाईंचा कोबी दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवायचा, मीच आकडा मोठ्याने वाचायचा, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. एकोणीस वर्षे. एकदा त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “हेडली, तुझ्या मातीत जीव नाही रे. ये, दोन गाड्या घेऊन जा माझ्यातल्या.” चारचौघांत! मला राग आला, हे मी नाकारत नाही. असली भीक मी घेत नसतो.

५. गावात म्हणतात, मी त्यांचा वाफा सुडाने पाडला. हे साफ खोटे आहे. वाफा नगरपरिषदेने पाडला. मी फक्त अर्ज केले. अर्ज क्र. ३ अन्वये मी दाखवून दिले, की आपल्याकडे सूर्य आधीच कलता, आणि त्यांच्या वाफ्याची सावली दुपारी चारला माझ्या कोबीवर पावणेदोन फूट पडते. त्यावरून नगरपरिषदेने वाफ्यांची उंची चोवीस इंचांपुरती ठरवली. सेलिनाबाईंचा वाफा अठ्ठावीस इंच भरला. टेप माझा होता, पण माप आपल्याच कामगाराने घेतले.

त्या काठी टेकत माझ्या कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, “चार इंचांनी तुझं काय घोडं मारलंय बाबा? माझ्या खुब्यात खिळे आहेत. एवढी उंची आहे म्हणून वाकावं लागत नाही. ही गेली तर माझा हात मातीपर्यंत पोचायचा नाही.” मी म्हणालो, उंची नियमाने ठरते, खुब्याने नाही.

नगरपरिषदेने वरची फळी तेवढी काढण्याचा हुकूम दिला. परंतु होडीच्या त्या फळ्यांना जुना शिशाचा रंग होता. असला रंग मातीत उतरतो व भाजीत येतो, ही बाब अर्ज क्र. ९ अन्वये मी जबाबदार नागरिक या नात्याने निदर्शनास आणली. त्यावरून अख्खा वाफाच हटवण्याचा हुकूम निघाला. त्यानंतर माती खडकावर मोकळी पडून राहिली, पावसाने वाहून जाऊ लागली, तेव्हा ती बेवारस माल समजून मला द्यावी असा अर्ज क्र. १२ मी केला व तो मंजूर झाला. चाळीस गाड्या भरल्या. माती विषारी म्हणणारा तूच आणि नेणाराही तूच, असे लिअँडर मला विचारतात. दोन्ही अर्ज त्या त्या दिवशी खरे होते. शिवाय मी ती माती जिभेवर ठेवून पाहिली आहे.

६. वाफा पाडला तो दिवस २० जून. बाई स्वयंपाकघरातली खुर्ची पायरीवर आणून बसल्या होत्या. बटाटे नुकतेच लावलेले. कामगाराने पहिली फळी उचकटली तेव्हा त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दहा दिवसांत कोंब वर आले असते रे. काढून दुसरीकडे तरी लावले असते. दहा दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं?” मी त्यांना सांगितले, की हुकूम म्हणजे हुकूम, त्यात दिवस मोजत बसायचे नसतात. आता काही लोक, विशेषतः लिअँडर, त्या दहा दिवसांची माझ्या सतरा दिवसांशी तुलना करतात. ही तुलना गैरलागू आहे. त्यांचे बटाटे नियमबाह्य वाफ्यात होते. माझे कोबी नियमात बसतात.

तीन आठवड्यांनी त्या वृद्धाश्रमात गेल्या. लिअँडरचे म्हणणे, “वाफा गेला तशी ती सकाळची उठायचीच बंद झाली. कशाला उठू, म्हणायची.” याला वैद्यकीय आधार नाही.

७. आणखी एक गोष्ट माझ्याविरुद्ध काढली जाणार, हे ठाऊक असल्याने ती मीच आधी नोंदवून ठेवतो.

माझी पत्नी डोरिस अकरा वर्षांपूर्वी मार्चमध्ये वारली. मार्च म्हणजे सगळा गाव गोठलेला. माझी माती दगडासारखी. पहार मारली तर ठिणगी उडायची. दुसऱ्या कुणाचीही तीच गत. फक्त सेलिनाबाईंचा वाफा गवत आणि जुन्या शिडांखाली झाकलेला होता, तेवढीच माती मऊ होती. त्यांनी मला विचारले नाही. मी मागितलीही नाही. मी दफनभूमीत पोचलो तेव्हा अकरा गाड्या माती आधीच तिथे होती, आणि बाई फावडे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “डोरिसला थंडी सोसायची नाही. ऊबदार आहे ही.”

त्या उन्हाळ्यात त्यांचा वाफा निम्मा रिकामा होता. त्यांनी शेवाळ आणि मासळी ढीग करून भरली. ढीग वरून सांडू लागला, म्हणून काठावर आणखी एक फळी ठोकली. चार इंचांची. नंतर ढीग बसला, पण तोवर त्यांचा खुबा मोडला होता. उंची सोयीची पडली आणि ती फळी तशीच राहिली. म्हणजे सदर चार इंच हे त्यांच्या स्वतःच्या, कुणीही न सांगितलेल्या कृतीतून निर्माण झालेले आहेत, हे कृपया लक्षात घ्यावे. माती विनाअट दिली होती. परतीचा शब्द झाला नव्हता. सबब ते देणे लागत नाही.

८. वरील सर्व बाबींचा विचार करून आपण उद्या सकाळी अकराच्या आत मनाई हुकूम काढावा, ही नम्र विनंती. माझा मोठा कोबी तेवीस पौंडांचा होईल असा माझा अंदाज आहे, आणि वजनाच्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही. हुकुमाची प्रत मी फाटकावर लावीन. मी स्वतः सकाळी नऊपासून फाटकात उभा राहणार आहे.

(पुढील मजकूर शनिवार दि. २७ सप्टेंबर रोजी, दुपारी तीन वाजता.)

९. महोदया, काल कचेरी लवकर बंद झाल्याने अर्ज देता आला नाही. आता मजकुरात दुरुस्ती करणे आवश्यक झाले आहे.

आज सकाळी नऊपासून मी फाटकात होतो. धुके होते. दहाला लोक यायला लागले. खालच्या घाटापासून चर्चपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात बादली, कुणाची ढकलगाडी, कुणी घमेले डोक्यावर घेतलेले. मी फाटकाची कडी घट्ट धरली आणि बोलायचे ते मनाशी जुळवून ठेवले. पण ते माझ्या फाटकाकडे वळलेच नाहीत. त्यांच्या बादल्या भरलेल्या होत्या. प्रत्येकाने आपापल्या वाफ्यातली माती आणली होती. कुणाच्या मातीत गाजराचा पाला होता, कुणाच्या मातीतून शेवाळाचा वास येत होता. ते माझ्या समोरून गेले. कुणी शिवी दिली नाही, कुणी थांबले नाही, कुणी मान वळवली नाही. मला नकार द्यायचाच होता; पण त्यासाठी आधी कुणी मागायला तरी हवे ना?

त्या रांगेत आपणही होता. आपल्या हातात निळी बादली होती. मी ‘बर्निस’ अशी हाक मारली. ती आपणांस ऐकू आली नसावी, असे मी धरून चालतो.

१०. अकरा वाजले, घंटा झाली. गाणी इथवर ऐकू येत होती. साडेबारापर्यंत लोक परत गेले, ते मात्र मागच्या वाटेने.

त्यानंतर मी एक गाडी माती भरली. का भरली, ते विचारू नये. मोठा कोबी मधोमध होता, तिथली माती सगळ्यांत काळी, म्हणून तो आधी काढावा लागला. तो काट्यावर ठेवलेला नाही. गाडी घेऊन मी टेकडी चढलो. वय लक्षात घेता मला दोनदा थांबावे लागले. लिअँडर एकटेच तिथे होते, फावड्याच्या पाठीने माती थापत होते. थडगे भरले होते. भरून वर गुडघाभर उंचवटा झाला होता. आपल्या गावात एवढी माती कुणाच्याही वाट्याला आलेली मी पाहिली नाही. मी गाडी शेजारी टेकवली आणि म्हणालो, ही तिचीच आहे.

लिअँडर यांनी वर पाहिले नाही. एवढेच म्हणाले, “भरलंय. जागा नाही आता. परत घेऊन जा, हेडली. तुला लागेल.”

मी म्हणालो, मला कशाला?

“तुझ्यासाठी कोण आणणार आहे?”

ते रागाने बोलले असते तर मी तक्रार केली असती. पण ते अगदी सहज बोलले, जणू वेळ विचारल्यावर सांगावी. मग त्यांनी फावडे खांद्यावर टाकले आणि गेले. मी डोरिसपाशी थोडा थांबलो. तिच्यावरचे गवत आपल्या दफनभूमीत सगळ्यांत दाट आहे. मी बाही वर करून मनगट त्या मातीत रोवून पाहिले. प्रार्थना निम्मीही झाली नाही, काढावे लागले.

११. सबब, सुधारित विनंत्या खालीलप्रमाणे:

(अ) मनाई हुकुमाची मागणी मी बिनशर्त मागे घेत आहे. ज्या गोष्टीला कुणी हातच लावत नाही, तिला मनाई कसली?

(आ) डोरिसच्या डाव्या अंगाची जागा माझ्या नावावर आहे. माझे निधन झाल्यास माझ्या वाफ्यांतील अकरा गाड्या माती तिथवर नेऊन घालण्यासाठी नगरपरिषदेने एक माणूस नेमावा. मला मूलबाळ नाही, भाऊ नाही. शेजारीण होती. नियमांत अशा नेमणुकीची तरतूद नसल्यास ती करावी. नियम अर्जावरून करता येतात, हा माझा अनुभव आहे.

(इ) सदर माणसाचे नाव मला हयातीतच लेखी कळवावे. आपल्या कामगाराला मी वाटेत विचारले, तो म्हणाला, “हुकूम आला तर बघू काका,” आणि शिटी वाजवत गेला. तेव्हा हुकूम स्पष्ट शब्दांत असावा. मार्च महिना निघाला तर माती गोठलेली असेल, म्हणून वाफे गवताने झाकण्याचे काम मी आजपासूनच सुरू केले आहे. शिडे मिळाली नाहीत. ती सेलिनाबाईंकडे होती.

(ई) आपण स्वतः याल का, हे मी अर्जात विचारू शकत नाही. निळी बादली चालेल.

यापूर्वीच्या चौदांपैकी अकरा अर्जांना मला उत्तर मिळालेले नाही. त्यांचा मी आग्रह धरत नाही. याला मात्र द्यावे. आज नेलेली गाडी मी रिकामी केलेली नाही. ती फाटकाच्या आत, डाव्या हाताला, भरलेली उभी आहे.

आपला, तूर्त याच गावचा रहिवासी,

हेडली पार्डी

सोबत:
१) माझ्या दोन्ही वाफ्यांचा नकाशा, मापांसह.
२) अर्ज क्र. ३, ९ व १२ यांच्या प्रती. (यांचा आता उपयोग नाही.)
३) दफनभूमीतील जागेचा दाखला.
४) विनंती (आ) करिता दोन शेजाऱ्यांच्या साक्षीदार म्हणून सह्या: सात घरी गेलो. मिळाल्या नाहीत.